मागच्या डोंगरावरचा तांब्या

मास्तरांनी मला फसवलं. डोंगराच्या माथ्यावर पोचलो नसताना पोचलो म्हणून सांगितलं आणि मी ते अकरा वर्षं खरं धरून चाललो. मास्तर म्हणजे माझा सगळ्यात जवळचा मित्र, महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवणारा. मी नाशिकच्या भांडी बाजारात स्टीलच्या भांड्यांचा दुकानदार. पैशाचा यात काडीचा संबंध नाही. पैशात कोणी फसवलं असतं तर त्याच्या दारात जाऊन बसलो असतो आणि घेऊनच उठलो असतो. माथा कोणाच्या दारात बसून मागायचा?

मला फसवणं सोपं नाही, हे आधी सांगून ठेवतो. पातेलं बोटाने वाजवून त्याचा पत्रा किती जाड आहे ते मी सांगतो. दुकान मला वडिलांकडून मिळालेलं नाही. मी सायकलवर सुरुवात केली. कॅरियरला भांड्यांचं पोतं बांधायचं, घोटीपर्यंत एसटीच्या टपावर सायकल टाकून न्यायची आणि तिथून पुढे वाड्या-पाड्यांवर हिंडायचं. जुने कपडे घ्यायचे, त्यावर भांडं द्यायचं. कपडे देणाऱ्या बायकांनी मला धंदा शिकवला. फाटकी बाजू आत ठेवून साडीची अशी सुरेख घडी घालायच्या की बघत राहावं. दोनदा फसलो. तिसऱ्या वेळेपासून घडी पूर्ण उलगडल्याशिवाय मी साडी हातात घेतली नाही. भांडणं खूप झाली. माझा आवाज तेव्हापासून मोठा आहे.

त्याच हिंडण्यात मागचा डोंगर पहिल्यांदा पाहिला. घोटीपासून बऱ्याच आत एक गाव आहे, त्याच्या पाठीशी तो उभा आहे. गावातले लोक त्याला मागचा डोंगर एवढंच म्हणतात. त्याच्यावर किल्ला नाही, लेणी नाहीत, जत्राही भरत नाही. त्या भागात जो येतो तो कळसूबाईला जातो, याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मी गावाच्या पारावर पोतं टेकवून पाणी प्यायचो तेव्हा तो समोर असायचा. खाली कारवीचं रान, मधे काळ्या कड्याचा पट्टा, वर गवताचा गोल खांदा. तेव्हा मी जे काही चढत होतो ते वर गिऱ्हाईक आहे म्हणून चढत होतो. टेकाडावर चार घरं दिसली की पोतं घेऊन वर. या डोंगरावर मात्र माल विकावा असं कोणीच नव्हतं. एक दिवस मोकळ्या हातांनी याच्यावर जायचं, असं मी तेव्हा ठरवून टाकलं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसले असते.

मास्तर भेटले ते दुकान झाल्यावर. पाण्यासाठी झाकणाची बरणी घ्यायला आले. मी भाव सांगितला. त्यांनी खिशात हात घातला.

मी म्हटलं, “अहो, भाव नाही करणार?”

“कशाला? तुम्ही सांगितलात ना.”

मला संशयच आला. भाव न करणारा माणूस एक तर श्रीमंत असतो नाहीतर लबाड. याच्या पायात झिजलेली चप्पल होती. मी विचारलं, बरणी कशाला. म्हणाले, दर रविवारी डोंगरावर जातो. मी हसलो. म्हटलं, तुमच्यासारखे हौसेने जातात तेवढे डोंगर मी पाठीवर भांडी घेऊन चढलोय. ते शांतपणे म्हणाले, “मग या रविवारी पाठीवर काही न घेता चला.”

तेव्हापासून आम्ही रविवारचे जोडीदार झालो. ते मला शेठ म्हणायचे, मी त्यांना मास्तर. दोघांचं वय सारखंच, पण अहो-जाहो कधी सुटलं नाही. सीबीएस स्टँडवरून पहाटेची गाडी, उतरायचं कुठल्यातरी फाट्यावर, आणि चालायचं. माझ्या पिशवीत भाकरी, ठेचा, कांदे. त्यांच्या पिशवीत उकडलेल्या शेंगा आणि नकाशा. नकाशा म्हणजे सर्व्हेच्या नकाशाची झेरॉक्स, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली. त्यावर अंगठ्याच्या ठशासारख्या गोल गोल रेषा. त्या रेषा वाचून डोंगर कुठे उभा चढतो, कुठे सपाट होतो ते त्यांना कळायचं. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि विचारलं असतं तर मला येत नाही हे त्यांना कळलं असतं. म्हणून मी विचारलं नाही. गावोगावच्या साड्यांच्या घड्या उलगडणारा मी, त्या नकाशाची घडी मी एकदाही स्वतःच्या हाताने उलगडली नाही.

शहाण्णव साली मी त्यांना मागच्या डोंगराबद्दल सांगितलं. पारावर बसून काय ठरवलं होतं तेही सांगितलं. ते हसले नाहीत. फक्त म्हणाले, “पितृपक्षात जाऊ.”

पितृपक्ष हा आमच्या धंद्याचा उपाशी पंधरवडा. नवीन भांडं कोणी घरात नेत नाही. दुकान उघडून माश्या मारायच्या. म्हणून लांबचा डोंगर आम्ही नेहमी पितृपक्षातच ठेवायचो. जायच्या आदल्या दिवशी रिकाम्या दुकानात बसून माझ्या डोक्यात एक कल्पना आली. आमच्याकडे भांड्यावर नाव घालायचं मशीन असतं. लग्नाची भांडी, वास्तुशांतीची भांडी, सगळ्यांवर त्याने नाव कोरून देतो. मी एक चांगला जाड तांब्या घेतला आणि त्याच्या पोटावर स्वतःच्या हाताने कोरलं: ‘हा माथा दोघांनी सर केला.’ खाली दोघांची आडनावं आणि वर्ष.

बायकोने पाहिलं. म्हणाली, “अहो, पितृपक्षात नवं भांडं काढताय?”

“घरात कुठे ठेवतोय? डोंगरावर ठेवणार आहे.”

“आणि जायच्या आधीच लिहून टाकलं? सर केला म्हणून?”

“मशीन डोंगरावर कसं नेणार? तिथे काय प्लग आहे?”

तिने तांब्या माझ्या हातात परत दिला. तिच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

दुसरी गोष्ट बुटांची. तोवर मी कॅनव्हासच्या बुटांत चालत होतो. या डोंगरासाठी म्हणून शालिमार चौकात फुटपाथवर चामड्याचे जाड बूट पाहिले. माझा नंबर नऊ. त्याच्याकडे शेवटचा जोड होता, आठचा. मी तासभर त्याला असा पिळला की शेवटी तो हात जोडून म्हणाला, “घेऊन जा काका, पण परत येऊ नका.” आठ नंबर झाला तर काय झालं, चामडं सैल होतंच, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी एसटीत मास्तरांना बूट दाखवून सौद्याची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. ते हसले. मग बुटांकडे बघून म्हणाले, “घट्ट नाहीत ना?”

“अजिबात नाही.”

गावातून निघालो तेव्हा ऊन होतं. बांधावर तेरडा फुललेला, भाताची खाचरं पोपटी. कारवीच्या रानात शिरलो आणि तासाभरात माझ्या टाचा जळायला लागल्या. कड्याच्या पट्ट्याखाली पोचेपर्यंत मोजा ओला झाला होता. पाणी शिरलं असेल असं मी स्वतःला सांगितलं. मास्तरांनी दोनदा विचारलं, “शेठ, पाय बरे आहेत ना?” दोन्ही वेळा मी त्यांच्यावरच खेकसलो. म्हटलं, तुम्ही तुमच्या पायांचं बघा. कोणत्या तोंडाने सांगणार? सकाळी तासभर सौद्याची बढाई मारली होती.

कड्याच्या वर आलो आणि धुक्याने गाठलं. खालचं गाव गेलं, खाचरं गेली, शेवटी पुढचे मास्तरसुद्धा नुसती सावली होऊन चालायला लागले. पिवळ्या सोनकीच्या फुलांमधून पायवाट जात होती, तेवढीच दिसत होती. चढ कमी झाला. खडकाळ सपाट जागा आली. मधे शेंदूर लावलेला एक धोंडा, शेजारी लाकडी आड्याला टांगलेली लहान घंटा. माझे पाय तेव्हा माझे राहिले नव्हते.

मास्तरांनी पिशवीतून नकाशा काढला. उलगडला. धुक्यात समोर बघितलं. मग खाली बघितलं. मला वाटलं नकाशाकडे बघतात. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी नकाशाची घडी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवली आणि म्हणाले, “शेठ, आलो आपण. हाच माथा.”

मी ओरडलो. खरंच, मोठ्याने ओरडलो. घंटा वाजवली. नारळ फोडला. धोंड्याच्या मागे खडकाची खोबण होती, तिच्यात तांब्या ठेवला, कोरलेली बाजू पुढे करून. मग बूट न काढता बसलो आणि भाकरी-ठेचा असा खाल्ला की तशी चव पुन्हा कधी लागली नाही. मास्तर शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होते. वारा आला की धुक्याला भोक पडायचं, त्यातून खाली कुठेतरी एक हिरवा तुकडा दिसायचा आणि बंद व्हायचा. पोतं टेकवून ज्याच्याकडे बघायचो त्याच डोंगरावर मी चढून बसलो होतो आणि तिथे कोणाला काही विकायचं नव्हतं. मला रडू आलं. धुकं होतं, त्यामुळे चाललं.

उतरताना मी बूट काढून गळ्यात अडकवले आणि म्हणालो, गवतावर अनवाणी बरं वाटतं. मास्तर “हो का?” म्हणाले आणि माझी पिशवी त्यांनी घेतली. नारळ संपला म्हणजे पिशवी हलकी झाली असेल, त्यांच्या खांद्यावर बरोबर बसेल, असं काहीतरी बोलले. टाचा भरायला महिना लागला. बायको रोज रात्री हळद लावायची आणि बुटांच्या नावाने बोटं मोडायची.

त्यानंतर अकरा वर्षं मी तो माथा सगळ्यांना सांगितला. दुकानात तांब्या घ्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितला. फोटो नाही, पण तांब्या आहे, जाऊन बघा. स्टील आहे, गंजणार नाही, अक्षर पुसणार नाही. माझ्या दुकानाची गॅरंटी. एकदा शहरातल्या डोंगर चढणाऱ्यांची एक बैठक होती. तिथेही मी सांगितला. एक चष्मेवाला तरुण उठला आणि म्हणाला, “काका, त्या डोंगराला पुढे-मागे दोन टोकं आहेत ना? मागचं उंच आहे, नकाशात तसं दिसतं.”

मी त्याला फाडून खाल्ला. म्हटलं, नकाशात बघतोस का पायाने चालतोस? मी तिथे नारळ फोडलाय. सगळ्यांसमोर त्याला खाली बसवला. पोरगा लाल झाला, पुन्हा बैठकीला आला नाही. मास्तर माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांनी समोशाचा तुकडा मोडला आणि चटणीत बुडवला.

दर वर्षी पितृपक्ष आला की मी म्हणायचो, मास्तर, पुन्हा एकदा मागचा डोंगर. त्यांच्याकडे उत्तर तयार असायचं. एकदा पेठच्या बाजूला नवीन धार सापडली, एकदा बागलाणातली फुलं बघायची, एकदा पेपर तपासायचे. मी म्हणायचो, चला, पेठ तर पेठ. ते डोंगरही छान होते. त्या वर्षांबद्दल माझी काही तक्रार नाही. माणसाला अकरा वर्षं असे रविवार मिळावेत आणि असा जोडीदार मिळावा, याहून जास्त मी काही मागितलं नव्हतं. म्हणून तर राग येतो.

दोन हजार सातच्या डिसेंबरात दिवाळीची आणि लग्नाची पहिली गर्दी ओसरली. बायको म्हणाली, “तो तांब्या मला एकदा दाखवा. अकरा वर्षं ऐकतेय.” मास्तरांना फोन केला. म्हणाले, शाळेचं स्नेहसंमेलन आहे, आणि वर, “वहिनींना कशाला एवढं चढवता शेठ? अंजनेरीला न्या. पायऱ्या आहेत.” मी म्हटलं, तुम्ही तुमचं संमेलन करा. आम्ही दोघंच निघालो. तिने पंजाबी ड्रेस घातला होता आणि दुकानात जाऊन स्वतः घेतलेले बूट. तिच्या नंबरचे. तेवढं तिने मला दोनदा ऐकवलं.

हवा काचेसारखी होती. गवत पिकून सोनेरी झालं होतं आणि बाया विळे घेऊन ते कापायला वर आल्या होत्या. बायको मला वाटलं होतं त्यापेक्षा फार चांगली चढली. कड्याच्या पट्ट्यापाशी मी थांबलो, ती थांबली नाही. शेंदराच्या धोंड्यापाशी पोचलो, मी घंटा वाजवली आणि खोबणीत हात घातला. तांब्या जागेवर होता. चकचकीत. कोणीतरी राखेने घासत होतं. त्यात पाणी होतं आणि वर एक पान झाकलेलं होतं.

“बघ,” मी म्हटलं. “वाच.”

तिने वाचलं. मग मान वर केली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बोट दाखवलं.

“अहो, मग ते काय आहे?”

मी वळलो. आम्ही उभे होतो त्या सपाटीच्या पुढे जमीन खाली उतरत होती, एक अरुंद खिंड होती, आणि खिंडीपलीकडे डोंगर पुन्हा उठत होता. उंच, टोकदार, काळा. आमच्या डोक्याच्या चांगला वर. वीस मिनिटांची वाट असेल, गवतातून स्पष्ट दिसत होती. आम्ही उभे होतो तो खांदा होता. गावातून दिसतो तो गोल खांदा. डोंगराचं डोकं त्याच्या मागे लपलेलं.

 तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. गवत कापणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या.

“ओरडू नका,” बायको म्हणाली. “भावजींनी सांगितलं असतं तर गेला असतात ना पुढे?”

“गेलो असतो! का नाही गेलो असतो?”

“त्या टाचा घेऊन? त्या मी धुतल्यात, मला माहीत आहे. बुटातून बाहेर आलं होतं रक्त. तुम्हाला वाटतं त्यांना दिसलं नाही?”

तेव्हा मला तो क्षण पुन्हा दिसला. नकाशा हातात आणि मान खाली. ते नकाशाकडे बघतच नव्हते.

मी तांब्या उचलला. म्हटलं, हा आता इथे ठेवायचा नाही, खोटं लिहिलंय त्याच्यावर. एक बाई विळा कमरेला खोचून पुढे आली, माझ्याच वयाची असेल.

“ओ दादा, कुठं चालवलाय? देवाचा तांब्या हाय त्यो.”

“माझा आहे बाई. माझं आडनाव आहे त्याच्यावर.”

“असंल. आता देवाचा हाय. आमी समद्या त्यातलंच पाणी पितो. लय वर्सं झाली.”

मी सौद्याला बसलो. म्हटलं, याच्या बदल्यात नवा तांब्या देतो, याच्यापेक्षा जड. तिने मान हलवली. दोन देतो. पुन्हा नाही. मी म्हटलं, बरं, कळशी देतो, मोठी, झाकणासकट. ती दुसऱ्या बायांकडे बघून हसली. “कळशी आणा की. देवाला लागंलच. पण तांब्या नाय मिळायचा, त्यो बी राहू द्या.” आणि माझ्या हातातून तांब्या घेऊन तिने खोबणीत ठेवला, कोरलेली बाजू पुढे करून. मी कळशी कबूल करून बसलो होतो आणि तांब्याही गेला होता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट सौदा मी त्या डोंगरावर केला. कळशी पुढच्या महिन्यात नेऊन दिली. शब्द दिला होता.

बायको बाटलीचं झाकण लावत म्हणाली, “चला, आता एवढं आलोय तर.”

“मी नाही येणार.”

“का?”

“तांब्यावर ‘दोघांनी’ असं लिहिलंय. मास्तर नाहीत.”

“मग तुम्ही बसा तुमच्या तांब्यापाशी. मी येते जाऊन.” आणि खरंच निघाली. पलीकडच्या उतारावर गवत कापायला जाणाऱ्या दोघी तिच्याबरोबर होत्या. खिंडीत उतरली, दिसेनाशी झाली, पुन्हा पलीकडे दिसली, निळ्या ओढणीचा ठिपका. थोड्या वेळाने तो ठिपका सगळ्यात वर होता. तिने हात हलवला. मी हलवला नाही. म्हणजे थोडासा हलवला.

खाली आली तेव्हा चेहरा फुललेला होता. मी विचारलं, काय आहे वर?

“सांगणार नाही. आपल्या पायांनी जा आणि बघा.”

आजवर तिने सांगितलेलं नाही. दुकानात कोणी मागच्या डोंगराचा विषय काढला की ती काउंटरमागून हसते, आणि मी पातेली लावायला लागतो.

त्याच संध्याकाळी मी सिडकोत मास्तरांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं. माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. आत येऊन मी बसलोसुद्धा नाही.

“तू मला फसवलंस,” मी म्हटलं. बारा-तेरा वर्षांच्या ओळखीत मी त्यांना पहिल्यांदा अरे-तुरे केलं.

“हो,” ते म्हणाले. “बसा शेठ.”

“भूगोल शिकवतोस पोरांना? आणि माथा कुठे आहे ते खोटं सांगतोस?”

“पोरांना खरं सांगतो. चहा टाकू?”

“त्या चष्मेवाल्या पोराला मी सगळ्यांसमोर झापला. तू शेजारी बसून समोसा खात होतास!”

तेव्हा मात्र त्यांनी मान खाली घातली. “ते चुकलं माझं,” ते म्हणाले. “त्याला मी नंतर घरी जाऊन भेटलो. खरं काय ते सांगितलं. तो तुमच्यावर रागावलेला नाही.”

म्हणजे त्या पोराला माहीत होतं. बायकोने ओळखलं. न कळलेला एकटा मी.

“माझे पाय होते,” मी म्हटलं. “रक्त माझं होतं. मला विचारायचं होतं.”

“विचारलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, बरे आहेत.” मग म्हणाले, “खिंडीतली वाट ओली होती, एका बाजूला दरी. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गेलाच असता. मी तुम्हाला आज ओळखतो का शेठ?”

“मग तू जायचंस. मी बसलो असतो. वीस मिनिटांची वाट!”

“तुम्हाला धुक्यात एकटं टाकून? आणि परत येऊन काय सांगणार होतो, कुठे गेलो होतो म्हणून?”

“बरं, तेव्हा नाही. नंतर? अकरा वर्षांत कधीतरी गेला असशील.”

ते चहा टाकायला उठले. मग हसले. मला त्यांच्या हसण्याचा फार राग आला.

“कसा जाणार?” ते म्हणाले. “तुमच्याबरोबर गेलो तर पकडलो गेलो असतो. आणि तुमच्याशिवाय जावंसं वाटलं नाही.”

चहा घेतला. साखर कमी होती, तेही सांगितलं. निघताना मी पुन्हा अहो-जाहोवर आलो, पण ते भांडण मिटलं म्हणून नाही, सवयीने.

त्याला आता दोन वर्षं होत आली. रविवार चालू आहेत, फक्त डोंगर लहान झालेत. मास्तर निवृत्त झाले. मागच्या डोंगराचं नाव काढलं की गुडघ्यावर हात ठेवतात. पण मागच्याच महिन्यात हे गुडघे रामशेज किल्ल्यावर माझ्या आधी वर पोचले होते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुकानात दुसरा तांब्या तयार आहे, पहिल्यापेक्षा जाड. त्याच्यावर अजून काही कोरलेलं नाही. एकदा चूक केली, पुन्हा आधी लिहिणार नाही. माझे बूट नऊ नंबरचे आहेत, आणि सांगायला लाज वाटते, भाव न करता घेतलेले.

तर मास्तर, हे तुम्ही वाचणारच, म्हणून इथे सगळ्यांसमोर विचारतो. माझा माथा तुम्ही बुडवलात, ते एक वेळ सोडून देईन. टाचा माझ्या होत्या, बूट माझे होते, खोटं मीच बोललो होतो. पण तुमचे पाय चांगले होते. वीस मिनिटांवर होता तुमचा माथा. तो तुम्ही माझ्यासाठी सोडलात, आणि नंतर अकरा वर्षं सोडतच राहिलात. मी आयुष्यात कोणाकडून फुकट काही घेतलेलं नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग मला न विचारता एवढं देऊन टाकायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? गुडघ्यावर हात ठेवू नका. येत्या डिसेंबरात, धुकं नसताना, खिंडीच्या पलीकडे, वर उभं राहून मला याचं उत्तर द्या.